सहा दशांशाचा राहिलेला धडा

सुमन,

वैशूचा शेवटचा, गणिताचा पेपर आज झाला. कसा गेला ते मी तिला बराच वेळ विचारलं नाही. तू असतीस तर तिला दारातच गाठून प्रश्नपत्रिका हातातून ओढून घेतली असतीस आणि पोर भुकेली आहे याचंही भान तुला राहिलं नसतं. मी चारला कंपनीतून आलो, हातपाय धुतले, चहाला बसलो, दोन-तीनदा तिच्याकडं बघितलं आणि तरी विषय काढवेना. मला भीती वाटत होती. भीती पेपरची नव्हती. कशाची होती ते सांगायचं तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल, आणि ते तुझ्याशिवाय सांगू तरी कुणाला?

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी शाळेतल्या सगळ्या बाई आल्या होत्या. वंदना झाली, मग एकेकजण उठून तुझ्याबद्दल बोलली. शांत होत्या, मनमिळाऊ होत्या, कधी कुणाला उलटून बोलल्या नाहीत. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, ही कुठली सुमन? मला जी माहीत आहे ती भाजी चिरताना विळीवरून उठून वाद घालायची. मी ऐकलं नाही की ‘बरं, इन्स्पेक्टर साहेब’ म्हणून पाठ फिरवायची, आणि भाजीत मीठ टाकायचं विसरायची. तू किती हट्टी होतीस हे एकीनंही सांगितलं नाही. मला त्या भरल्या घरात फार एकटं वाटलं. तुझा हट्ट माहीत असलेला मी एकटाच उरलो, असं वाटलं.

तसा दुसराही एक माणूस उरला होता, पण ते मला नंतर कळलं.

आपल्या संसाराला एकत्र सुट्टी कधी मिळालीच नाही. माझी कंपनी गुरुवारी बंद, तुझी शाळा रविवारी. गावाकडचे पाहुणे हसायचे, म्हणायचे, नवरा-बायकोचे वारसुद्धा जमत नाहीत. त्यात माझी पाळी दर आठवड्याला बदलणार. म्हणून आपली भांडणंही तुकड्यातुकड्यानं चालायची. गुरुवारी दुपारी तू शाळेतून आलीस की सुरू व्हायचं, स्वयंपाक होईपर्यंत चालायचं, आणि माझी दुसरी पाळी लागली की आठवडाभर बंद पडायचं. पुन्हा सुरू करताना तू बरोबर राहिलेल्या वाक्यापासून सुरू करायचीस. मला आश्चर्य वाटायचं, ही बाई एवढं सगळं डोक्यात ठेवते कसं.

त्यातलं सगळ्यात लांबलेलं भांडण दशांशाचं. लोकांना सांगितलं तर खरं वाटणार नाही की चिंचवडच्या दोन खोल्यांत नवरा-बायको कांदा, साखर, सासर-माहेर सोडून दशांश अपूर्णांकांवरून भांडतात.

माझं म्हणणं साधं होतं. मी कंपनीत माल तपासायला, दिवसभर मायक्रोमीटर हातात घेऊन बसतो. ड्रॉइंगवर साडेबारा लिहिलेलं नसतं, बारा पॉइंट पाच शून्य लिहिलेलं असतं. त्याच्या पुढं-मागं किती चालेल तेही लिहिलेलं असतं. बसलं तर पीस पास, नाही बसलं तर त्याला लाल रंग लावायचा आणि वेगळ्या खोक्यात टाकायचा. सरकारनं मेट्रिक आणलं, शेर-मण गेले, आता पोरांना पॉइंटच शिकवा की. पॉइंट सहाचे पुन्हा तीन पंचमांश करून कुणाचं भलं होणार आहे? तू म्हणायचीस, “पावशेर गेला, पण पाव कुठं गेला? तुमच्या कंपनीतला टर्नर अजून ‘दोन सूत कमी कर’ म्हणतो की नाही? दोन सूत म्हणजे पाव इंचच ना? मग?”

“तो जुना माणूस आहे.”

“आणि माझी पोरं नवी आहेत, त्यांना पॉइंट सहा म्हणजे काय ते दिसतच नाही. त्यांना वाटतं, एक ठिपका आणि एक सहा. तीन पंचमांश म्हटलं की पाच जण डोळ्यांपुढं येतात आणि त्यातले तिघं उठून उभे राहतात. तुमच्या पॉइंट सहात कोण दिसतं, सांगा!”

मला त्यात एक पीस दिसायचा, पण तसं म्हटलं असतं तर तू हसली असतीस.

तुझ्या वर्गासाठी मी कंपनीतून खाकी कागद आणायचो. माल ज्यात गुंडाळून येतो तो, एरवी फेकूनच देतात. तू त्याच्या लांब पट्ट्या कापायचीस आणि मुलांकडून घड्या घालून घ्यायचीस. अर्धी, मग पाव, मग आठवा भाग. तोपर्यंत ठीक होतं. पण दशांश म्हणजे दहा भाग, आणि दहा भाग काही अर्ध्याचं अर्धं करत येत नाहीत. त्याला आधी पाच करावे लागतात, आणि पाच सारखे भाग नुसत्या घडीनं हाताला येत नाहीत. मी म्हटलं, स्केल लाव, खुणा कर, मोकळी हो. तू म्हणालीस, “चाळीस पोरांत स्केल आहेत सात. आणि स्केलनं केलं की पोरं आकडे बघतात, कागद बघत नाहीत.” मग तू पट्टी घेतलीस, डोळ्यानं अंदाज करून एका टोकाशी पाचव्या भागाची घडी घातलीस. अगदीच चुकीची. मला दिसतच होतं की ती मोठी झालीय.

“अंदाजानं?” मी म्हणालो. “चुकीच्या घडीपासून सुरुवात? आमच्याकडं असा पीस आला तर मी बघायचाही नाही, थेट लाल रंग.”

“माझ्या वर्गात लाल रंगाचा डबा नाही,” तू म्हणालीस. “बघा तर पुढं काय होतं.”

मी बघितलं नाही. कंपनीची बस यायची वेळ झाली होती, डबा उचलला आणि निघालो. संध्याकाळी येऊन विचारावं असंही काही वाटलं नाही. भांडण कुठं पळून जाणार आहे, पुढच्या गुरुवारी आहेच, असं धरून चालणारा माणूस मी.

तू गेल्याचं मी इथं लिहीत नाही. रविवार होता, मी कामावर होतो, गेटवर निरोप आला. तेवढं तुलाही माहीत आहे आणि मलाही.

मामी तेव्हापासून इथंच आहेत. तुझी आई, आणि माझी मामीच. लहानपणापासून मला ‘किसन’ म्हणणारी बाई आपल्या लग्नानंतर चारचौघांत ‘किसनराव’ म्हणायला लागली आणि आपण दोघं किती हसलो होतो. आता घरात कुणी नसलं की पुन्हा ‘किसन’ झालंय. घर त्यांनीच सावरलं. चूल पेटली, वैशूच्या वेण्या झाल्या, माझा डबा वेळेवर तयार झाला. आणि पाहुणे पांगल्यावर त्या एका सकाळी, मी बूट घालत असताना, म्हणाल्या, “किसन, पोरीची परीक्षा होऊ दे. मग मी तिला घिऊन जाते गावाला.”

मी म्हटलं, “सुट्टीत ना? न्या की.”

“सुट्टीत न्हाई. कायमची. तिथं शाळा हाय, आमी हाय, तिच्या मामाची पोरं हायती. तुझी दुसरी पाळी आली की पोरगी रातच्याला एकटी. तिसरी आली की तू दिवसभर झोपलेला. तिच्याकडं बघनार कोन? उद्या काय झालं तर लोकं तुला इचारनार न्हाईत, सुमन असती तर असं झालं नसतं म्हनतील.”

मी बूट तसाच हातात धरून बसलो. सुमन, त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी म्हटलं, “परीक्षा तर होऊ द्या,” आणि कामावर गेलो. त्या दिवशी माझ्या हातून एक पीस दोनदा मोजला गेला आणि दोन्ही वेळा वेगळा आला.

तेव्हापासून मी घरात इन्स्पेक्शन करायला लागलो. खरं सांगतो. वैशू नीट जेवली का, स्टोव्हला हवा भरताना पंप जास्त तर मारत नाही ना, दाराची कडी आतून तिला लागते का. कडी तिला लागते का हे मी इतक्यांदा तपासलं की शेवटी ती म्हणाली, “बाबा, लागते. काल पण लागली होती.” मी प्रत्येक गोष्ट बघत होतो आणि मनात मोजत होतो, हे मला एकट्याला जमेल का, हे चालेल का, आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, नाही. आजची वेणी वाकडी. आजचा भात लागला. आज तिनं शाळेत काय झालं ते सांगितलं नाही. सगळे पीस लाल.

मग जाधवबाईंनी मला शाळेत बोलावलं. तुझा वर्ग, वैशूचाही तोच, आता त्यांच्याकडं आहे, आपल्या मागच्या गल्लीतच राहतात त्या. म्हणाल्या, “किसनराव, वैशाली बाकी सगळं करते. पण दशांशाचं व्यवहारी अपूर्णांकात रूपांतर आलं की अर्ध्यावर थांबते. हे बघा.” त्यांनी सरावाच्या पेपरची उत्तरपत्रिका पुढं केली. ०.६, त्यापुढं बरोबर चिन्ह, त्यापुढं ६/१०. आणि बस. खाली ०.७५ बरोबर ७५/१००. बस. संक्षिप्त रूप कुठंच नाही. चार गणितं अशी अर्धी सोडलेली, चारही गणितांचे गुण गेलेले.

“येत नाही असं नाही हो,” जाधवबाई म्हणाल्या. “दोननं भाग जातो का विचारलं तर हो म्हणते. मग लिही म्हटलं तर मान हलवते. शेवटी मी जवळ घेतलं तिला, तेव्हा म्हणाली, आई हे सोमवारी सांगणार होती.”

तू त्या शेवटच्या शनिवारी फळ्यावर ६/१० पर्यंत आणून सोडलं होतंस ना? आणि मुलांना म्हणाली होतीस की सहा दशमांश आणि तीन पंचमांश एकच कसे, ते सोमवारी पट्टीवर दाखवते, तोपर्यंत कुणी नुसतं भागून आणायचं नाही. जाधवबाईंना हे बाकीच्या मुलांनी सांगितलं. बाकीच्या मुलांनी मग जाधवबाईंच्या सांगण्यावरून भागलं आणि पुढं गेली. वैशूनं तुझा हुकूम पाळला. तुझी हट्टी मुलगी.

घरी येऊन मी तिला शिकवायला बसलो. वाईट झालं ते. मी म्हटलं, वर दोननं भाग, खाली दोननं भाग. ती म्हणाली, का? मी म्हटलं, नियम आहे. ती म्हणाली, कुणाचा? मी म्हटलं, गणिताचा. ती म्हणाली, “दहातले सहा घेतले तर जास्त झाले ना? पाचातले तीन म्हणजे कमी. मग एकच कसे?” आणि मला, पंधरा वर्षं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणाऱ्या माणसाला, ते दाखवता येईना. मला माहीत होतं की एकच आहेत. पण माहीत असणं वेगळं. मी आवाज चढवला. मामी आतून आल्या, वैशूला उठवून घेऊन गेल्या, आणि जाताना माझ्याकडं असं बघितलं की मला कळलं, त्यांचा निर्णय आता पक्का झाला.

तुझा राग आला मला. होय, मेलेल्या माणसाचा राग येतो. एक दिवस आधी शिकवलं असतंस तर काय झालं असतं?

परवाचा गुरुवार मी सकाळपासून खाकी कागदाच्या पट्ट्या कापून बसलो. आधी माझ्या पद्धतीनं केलं. स्केल लावली, पट्टीची लांबी घेतली, पाचानं भागलं, बारीक पेन्सिलनं खुणा केल्या, सुरेख झालं. वैशू शाळेतून आली तेव्हा तिला दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, “आई मोजायची नाही. आई दुमडायची.” आणि हात धुवायला गेली.

मग मी दुमडायला लागलो. तुझी पहिली घडी मला आठवत होती, ती अंदाजाची, मी जिला हसलो होतो ती. ती घातली. पुढं काय? उरलेल्या भागाची अर्धी घडी घातली. पुढं? काहीतरी जुळत होतं आणि काहीतरी उसवत होतं. पट्ट्यांचा ढीग झाला. मामी जाता-येता बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “किसन, त्या कागदानं काय वाकडं केलंय रं तुझं?”

वैशू स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. कधीपासून होती कोण जाणे. एकदम म्हणाली, “तसं नाही, बाबा. परत पहिल्याकडं यायचं असतं.”

“कुठल्या पहिल्याकडं?”

“पहिल्या घडीकडं. ती चुकलेली असते ना? आई म्हणायची, चुकलेली असू दे, फिरून तिच्याकडंच यायचंय.”

ती येऊन माझ्याशेजारी बसली. तिनंही पूर्ण पाहिलेलं नव्हतं, तू घरी एकदा सराव करत होतीस तेव्हाचं तेवढं आठवत होतं. पण तिच्या अर्ध्याला माझं अर्धं लागलं. डाव्या टोकाशी अंदाजानं एक भाग. उजवीकडं उरले ते चार असायला हवेत, म्हणून उजवं टोक त्या घडीवर आणून अर्ध्यात दुमडायचं. आता उजवीकडं दोन राहिले, त्यांचं अर्धं. आता उजव्या टोकाला एक भाग झाला आणि डावीकडं चार. मग डावं टोक आणून त्या चारांचं अर्धं, आणि राहिलेल्या दोनांचं अर्धं. की आपण पुन्हा पहिल्या घडीपाशी. पण नवी घडी जुनीवर पडली नाही, जरा बाजूला पडली.

“चुकलं,” मी म्हणालो.

“नाही हो. जुनी चुकलेली होती. आता हिच्यावरून परत एकदा.”

मला राहवेना, मी स्केल काढली. पहिली अंदाजाची घडी आठ मिलिमीटरनं चुकली होती. नवी फक्त अर्ध्या मिलिमीटरनं. सुमन, मी ती पट्टी हातात घेऊन बसून राहिलो. प्रत्येक अर्ध्या घडीला चूकही अर्धी होत होती! तू चूक पुसत नव्हतीस, तिला लाल रंग लावून बाजूला टाकत नव्हतीस. तिला घेऊन फिरत होतीस, आणि ती आपली आपण बारीक होत जात होती. इतकी वर्षं मी जे काम करतो त्याच्या हे सरळ उलट होतं आणि तरी पीस पास होता. दोन मिनिटं थांबलो असतो तर तू मला हे स्वतः दाखवलं असतंस, आणि किती मिरवली असतीस. तुझं ते मिरवणं बघायचं राहिलं.

पुढचं मग सोपं होतं. पाच भाग झाले, प्रत्येकाचं अर्धं केलं, दहा झाले. वैशूनं त्यातले सहा पेन्सिलनं रंगवले. मग पट्टी तशीच ठेवून आधीच्या पाच भागांच्या ठळक घड्या मोजल्या. “एक, दोन, तीन,” ती म्हणाली आणि थांबली. पुन्हा बारक्या घड्या मोजल्या, सहा. पुन्हा ठळक, तीन. पेन्सिल घेतली आणि ६/१० च्या पुढं बरोबर चिन्ह काढून ३/५ लिहिलं. आपलं आपण.

मग म्हणाली, “पॉइंट सात पाच पण तसंच?” आणि दुसरी पट्टी ओढली. चार भाग केले, एकेक भाग शंभरातले पंचवीस असं म्हणत तीन रंगवले. मामी इतका वेळ भिंतीला टेकून बघत होत्या, त्यांना काय कळत होतं कोण जाणे. तिनं ७५/१०० पुढं ३/४ लिहिलं तसं मामींनी विचारलं, “ह्ये कितीचं झालं गं?” ती म्हणाली, “पाऊण, आजी.” मामी म्हणाल्या, “पाऊन व्हय? मग आधीच पाऊन म्हनायचं की! एवढा कागद घालवायची काय गरज?”

मला हसू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा मी मोठ्यानं हसलो आणि मला थांबता येईना. तुझ्या आईनं तुझं सगळं म्हणणं एका वाक्यात सांगितलं होतं, तेही तुझ्याच तोऱ्यात. वैशूही हसली. मामी दोघांकडं बघत राहिल्या आणि पदर डोळ्याला लावला. त्या दिवशी आपलं भांडण तू जिंकलीस. कबूल. पण हे ऐकायला तू नव्हतीस, त्यामुळं जिंकल्याचा काय उपयोग, असं मला दुसऱ्या दिवसभर वाटत राहिलं.

आणि आज. आज शनिवार. उद्या सकाळच्या एसटीनं मामी निघणार. मी चहा घेत होतो, मामी वैशूचे फ्रॉक घडी करून पत्र्याच्या पेटीत ठेवत होत्या. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं, आणि ठरवलं कुणी, तर कुणीच नाही. मी नुसता काही बोललो नव्हतो. वैशू उंबऱ्यावर बसली होती. मीच शेवटी धीर करून विचारलं, “मग? कसा गेला पेपर?”

“चांगला. चारही सोडवले. संक्षिप्त रूप पण केलं.”

“शाब्बास.”

ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, “बाबा, सोमवारचं आईनं सांगायचं होतं ते पण झालं. म्हणजे आता आईचं शिकवून संपलं?”

म्हणून ती गणितं अर्धीच सोडत होती इतके दिवस. तिला ते येत नव्हतं म्हणून नव्हे. तुझा एक धडा शिल्लक होता, आणि मी तो गुरुवारी बसून संपवला होता. चांगलं केलं समजून. मी म्हणालो, “उद्या सांगतो तुला.”

ती माझ्याकडं बघून म्हणाली, “उद्या मी कुठं असणार आहे?”

तक्रार नव्हती आवाजात. एसटी किती वाजता आहे, असं विचारावं तसं विचारलं तिनं. मामींचे हात पेटीवर थांबले. त्या वर बघत नव्हत्या. त्यांनाही माझं उत्तर ऐकायचं होतं, मला कळलं. एवढे दिवस त्या माझ्याकडून हेच ऐकायला थांबल्या होत्या की काय, आणि मी आधी सगळं बरोबर जमवून मग बोलू म्हणून गप्प बसलो होतो.

सुमन, माझ्याकडं काहीही तयार नाही. सोमवारपासून माझी दुसरी पाळी आहे. जाधवबाईंना मी अजून विचारलेलं नाही की वैशू संध्याकाळी त्यांच्याकडं बसेल का. फोरमनकडं जनरल, म्हणजे रोज दिवसाचीच पाळी मागितली तर तो काय म्हणेल माहीत नाही. मला वेणी घालता येत नाही. तिला ताप आला तर मी काय करणार, मला माहीत नाही. ती मोठी व्हायला लागेल, तेव्हा तिला जे सांगायचं ते कोण सांगेल, माहीत नाही.

मी म्हणालो, “इथं. इथंच असणार आहेस.”

मामी म्हणाल्या, “जमंल तुला?”

“पहिल्यांदा चुकेल, मामी. बरंच चुकेल.”

मामींनी पेटीतला वैशूचा वरचा फ्रॉक उचलला, त्याची घडी मोडलेली नव्हती तरी झटकून पुन्हा घातली, आणि उठून तुझ्या कपाटात ठेवला. मग दुसरा उचलला.